एक ठोका अजून

एकदा एक धान्याचा व्यापारी आपल्या पत्नीला घेऊन खाडीच्या मुखावरची टेकडी चढून गेला. वर एक वृद्ध गुरू राहत असत. काथ्याचे सुंभ वळून ते आपला उदरनिर्वाह करीत आणि विचारायला आलेल्याला दोन शब्द सांगत. लोक त्यांच्याकडे मोक्षापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळे प्रश्न घेऊन येत. या व्यापाऱ्याचा प्रश्न मात्र निराळा होता. हौसेच्या गलबतावरची जागा नेमकी केव्हा घेतली म्हणजे सर्वांत स्वस्त पडते, हे त्याला जाणून घ्यायचे होते.

हसू नका. प्रश्न क्षुद्र वाटतो, पण त्यामागे जे होते ते क्षुद्र नव्हते.

टेकडीखालच्या बंदरातून वर्षातून दोनदा एक मोठे गलबत निघे. त्यात मीठ नसे, कौले नसत, गुळाच्या ढेपा नसत. फक्त माणसे असत. बेटांच्या कडेकडेने जायचे, मग किनारा सोडून भर समुद्रात शिरायचे, पाणी पाहायचे, गलबतावरच्या आचाऱ्याच्या हातचे गरम जेवायचे आणि परत यायचे. कामाशिवाय समुद्रावर जाणे ही त्या गावाला चैनच वाटे, म्हणून गाव त्याला हौसेचे गलबत म्हणे. एक फेरी मार्गशीर्षात निघे, दुसरी होळीनंतर.

व्यापाऱ्याची पत्नी घाटावरची. लग्न होऊन बंदरात आली आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत तिचे आयुष्य गेले. तिथल्या खिडकीतून तिला खाडीची एक पट्टी आणि गलबतांच्या डोलकाठ्या दिसत. चारी बाजूंना पाणी असते अशी जागा एकदा पाहायची, एवढी एकच इच्छा तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नवऱ्याला सांगितली होती. तोही हसून हो म्हणाला होता. त्यानंतर दरवर्षी ते जाणारच होते. आणि आता तिचे डोळे जात होते. वैद्याने स्पष्ट सांगितले होते की यावर औषध नाही, दृष्टी कडांकडून आत विझत येते आहे, आणि येणारा उन्हाळा तिला दिसेल की नाही याची खात्री देता येत नाही.

हा व्यापारी कंजूष नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट कंजुषाची आहे म्हटले की आपण सगळे सुटतो. तो पत्नीला चांगले लुगडे घेई, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवीत नसे, दुष्काळात त्याने धान्य वाटले होते. त्याला पैसा जाण्याचे दुःख नव्हते. दुःख होते ते महाग घेण्याचे. एखादी वस्तू काल स्वस्त होती किंवा उद्या स्वस्त होणार आहे, हे ठाऊक असताना आज जास्त मोजणे म्हणजे चारचौघांत फसणे, अशी त्याची समजूत होती. बाजारात त्याचा लौकिकही याच गोष्टीचा होता. तो लौकिक त्याने फार कष्टाने मिळवला होता.

गुरूंनी त्याचा प्रश्न ऐकून घेतला. मग त्याला उत्तर न देता ते त्याच्या पत्नीकडे वळले.

“मुली, समोरचं बेट दिसतं का तुला?”

“मधलं दिसतं, महाराज,” ती म्हणाली. “कडा नाहीत दिसत. माणसांचंही तसंच होतं आता. बोलणारा दिसतो, त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते नाही कळत.”

“आणि जायचं आहे तुला?”

“हो,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे मान वळवून, त्याला शोधून, हळूच म्हणाली, “यांना जमेल तेव्हा.”

गुरू व्यापाऱ्याला म्हणाले, “आज घे. इथून उतरलास की घरी जाऊ नकोस, सरळ धक्क्यावर जा.”

व्यापारी गोंधळला. “पण महाराज, आज कार्तिकातली ऐन तेजी आहे. आज भाव सगळ्यात चढा.”

“हो,” गुरू म्हणाले आणि त्यांनी पुन्हा सुंभ हातात घेतले.

आता गुरूंचा एक शिष्य होता. तिशी ओलांडलेला, बुद्धीने तल्लख. तो एका तांडेलाचा मुलगा. तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख. धक्क्यावर लहानाचा मोठा झाल्यामुळे गलबतांच्या भाड्याची चढउतार त्याला तोंडपाठ होती. गुरूंचे उत्तर ऐकून त्याला ओशाळल्यासारखे झाले. म्हाताऱ्याला वेदान्त कळतो, व्यवहार कळत नाही, असे त्याला वाटले. पाहुण्यांना पोचवायला म्हणून तो पायवाटेने खाली गेला आणि अर्ध्या वाटेवर थांबून त्याने व्यापाऱ्याला खरा नियम सांगितला.

“शेटजी, भाव दोनदाच पडतो. एकदा पावसाळ्यात, गलबत वाळूवर ओढून नारळीच्या झापांनी शाकारलेलं असतं तेव्हा. त्या वेळी नारळ आणि इसार देऊन जागा धरणाऱ्याला सगळ्यात स्वस्त. पण गलबत दर्याला लागेल की नाही याची तेव्हा हमी नसते. तो काळ गेला. आता दुसरा. निघायच्या दिवशी सकाळी तांडेल उरलेल्या जागांसाठी थाळी वाजवतो. दर ठोक्याला भाव उतरतो. हात वर करेल त्याची जागा, त्या ठोक्याच्या भावानं. माझ्या आठवणीत एकदाही अशी सकाळ नाही की जागा उरल्या नाहीत.”

व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. मनात आधीच ठरलेले दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाले की माणसाला जो हलकेपणा येतो, तो त्याला आला. त्याने शिष्याचे आभार मानले. पत्नी दोन पावले पुढे, दगडाला हात लावून उभी होती.

शिष्याचा नियम खरा होता, हे इथे नमूद केले पाहिजे. आजही क्रूझचे तिकीट केव्हा काढावे याचे सल्ले देणारे पुष्कळ आहेत. कुणी सांगतो वर्षभर आधी काढा, कुणी सांगतो शेवटच्या आठवड्यात काढा, मधल्या काळात काढणारा मूर्ख. हे सल्ले बहुधा बरोबर असतात. आपण ते रोज उघडून वाचतो, भाव पुन्हा पुन्हा तपासतो, आणि उद्या पाहू म्हणून फोन खाली ठेवतो. शेजारी बसलेले माणूस त्या वेळी काय करीत असते, ते सल्ला देणाऱ्याला दिसत नाही. आपल्याला दिसू शकते, पण आपली नजर भावावर असते.

गलबत निघायचा दिवस उजाडला. धक्क्यावर जत्रा भरावी तशी गर्दी होती. व्यापारी पांढरे धोतर नेसून आला. पत्नीने बोचके बांधून आणले होते. त्यात दोन लुगडी, एक पांघरूण आणि वाटेवर खायला म्हणून केलेले रव्याचे लाडू होते. ती त्याच्या कोपराला धरून उभी राहिली, कारण आता गर्दीत तिला एकटीने उभे राहता येत नव्हते.

थाळीच्या वेळी उभे राहण्याची त्या बाजारात एक रीत होती. हात पाठीमागे बांधायचे आणि नजर समुद्रावर ठेवायची. ज्याचा हात आधी वर जाई त्याला बाजार उतावळा म्हणे, आणि ते नाव त्याला वर्षभर पुरे. ज्याचा हात शेवटी वर जाई, त्याच्या नावाने लोक संध्याकाळी विडे खात. भुसाराच्या सगळ्या दुकानदारांनी त्या दिवशी काम टाकून धक्का गाठला होता. आपला माणूस आज काय भावाने जागा मारतो, हे त्यांना पाहायचे होते.

तांडेलाने तांब्याची थाळी उचलली आणि पहिला ठोका दिला. लगेच एक हात वर गेला. शेजारच्या तालुक्यातून एक भलेमोठे कुटुंब बैलगाड्या जुंपून आले होते. त्यांना इथली रीत ठाऊक नव्हती. कुटुंबप्रमुख म्हातारा हात वर करूनच उभा होता आणि सुना-नातवंडे मोजीत होता. बाजार खदखदून हसला. व्यापारीही हसला.

दुसरा ठोका पडला. तिसरा पडला. म्हाताऱ्याचा हात खाली येत होता आणि पुन्हा वर जात होता, कारण त्याची मोजणी दर वेळी चुकत होती. जागा भरत चालल्या.

“घ्या ना आता,” पत्नी म्हणाली.

“एक ठोका अजून.”

आणखी एक ठोका पडला. भाव निम्म्यावर आला. मागून कुणीतरी पुटपुटले, “आता घेईल बघा.” ते ऐकून व्यापाऱ्याने हात अधिकच घट्ट बांधले. बाजाराला आपला अंदाज आला, हे त्याला रुचले नाही.

पत्नीने त्याच्या कोपराला हलकेच दाबले. त्याने तिच्या हातावर थोपटले. “थांब गं. एक ठोका अजून.”

तो ठोका पडला आणि म्हाताऱ्याचा हात वर गेला. त्याला आपले दोन गडी आठवले होते. तांडेलाने थाळी पालथी घातली. जागा संपल्याची ती खूण होती.

मग बाजार पुन्हा हसला, पण या वेळी कशाला हसतो आहोत हे सगळ्यांना ठाऊक होते.

गोष्ट इथे संपली असती तर मी तिला दैवाची गोष्ट म्हटले असते. ती इथे संपली नाही. तो म्हातारा माणसांत राहिलेला होता. बोचके छातीशी धरून उभ्या असलेल्या बाईची नजर कुठे लागत नाही, हे त्याच्या लक्षात आले. तो गर्दीतून वाट काढत व्यापाऱ्याजवळ आला.

“शेटजी, माझे गडी राहतील मागं. त्यांना काय, घरी गुरांचं बघतील. त्या दोन जागा तुम्ही घ्या. फक्त मला पहिल्या ठोक्याचा भाव द्या, बाकी बहुतेकांचा मी तोच दिलाय. एवढं केलंत म्हणजे झालं.”

पहिल्या ठोक्याचा भाव व्यापाऱ्याला जड नव्हता. कंबरेच्या पैशांच्या कशात त्याच्या दुप्पट रक्कम होती. पण सगळा बाजार ऐकत होता.

“तुम्ही आत्ता माझ्यासमोर निम्म्याहून खाली घेतल्यात त्या,” तो म्हणाला.

“घेतल्या की. नाही कशाला म्हणू?”

“मग मी दुप्पट का देऊ? होळीनंतरची फेरी आहे. तिला गर्दी नसते. याहून स्वस्त मिळेल.”

म्हाताऱ्याने एकदा त्याच्याकडे आणि एकदा त्याच्या पत्नीकडे पाहिले. “बाई, तुम्ही सांगा,” तो म्हणाला.

ती काय सांगणार? आयुष्यभर तिने भावात तोंड घातले नव्हते. तिने बोचके एका हातातून दुसऱ्या हातात घेतले आणि म्हणाली, “यांना कळतं त्यातलं.” मग ती घरी जाण्यासाठी वळली, चुकीच्या दिशेला, आणि व्यापाऱ्याने तिला खांद्याला धरून सरळ केले.

गलबत गेले. लाडू घरीच खाल्ले गेले.

पौष सरला. व्यापाऱ्याच्या घरी तांदूळ निवडायचे काम पत्नीचे होते आणि त्या कामाचा तिला अभिमान होता. धान्याच्या दुकानदाराच्या ताटात खडा लागला तर नाक कापले जाईल, असे ती म्हणे, आणि इतक्या वर्षांत तसे कधी झाले नव्हते. माघातल्या एका दुपारी त्याच्या दाताखाली खडा आला. त्याने तो गिळला. पुढच्या घासाला आणखी एक आला, तोही त्याने गिळला. ती समोर पाट घेऊन बसली होती. तिने कान दिला होता.

“लागला ना?” ती म्हणाली.

“नाही.”

“मला ऐकू आलं.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “उद्यापासून निवडायला कुणीतरी बाई बघा. मला आता सूपही दिसत नाही.”

त्या रात्री व्यापाऱ्याला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडले, माप केले, तो गिऱ्हाइकांशी बोलला. माणूस आतून कोसळला तरी हात सवयीने चालत राहतात, तसे त्याचे चालत राहिले. होळी झाल्यावर एका सकाळी मात्र तो उठला आणि टेकडी चढून गुरूंपुढे येऊन बसला. या वेळी तो एकटाच होता.

“गेले डोळे,” तो म्हणाला. “पूर्ण गेले.”

गुरूंनी हातातले काम बाजूला ठेवले.

शिष्य दारात उभा होता. व्यापाऱ्याने त्याच्याकडे पाहिले. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि शिष्याला तेच असह्य झाले. “तुमचा नियम बरोबर होता हो,” व्यापारी म्हणाला. “भाव अगदी तुम्ही सांगितलात तसाच उतरला. मीच एका ठोक्यानं चुकलो.”

शिष्याने गुरूंसमोर सगळे सांगून टाकले. पायवाटेवर काय बोललो, का बोललो, आणि बोलताना आपल्याला किती बरे वाटले होते, तेही सांगितले. गुरू ऐकत राहिले. त्यांनी त्याला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही.

मग ते व्यापाऱ्याला म्हणाले, “गलबत कधी निघतंय?”

“चार-सहा दिवसांत. पण आता त्याचं काय?” व्यापारी खिन्नपणे म्हणाला. “ती अजून विचारते कधीकधी. नेईन मी. नेणार आहेच. पण आता घाई कसली राहिली? जे चुकायचं ते चुकलं. या फेरीला गर्दी नसते, थाळीला नक्की मिळेल. नाहीतर पावसाळ्यात गलबत शाकारलं की नारळ ठेवून पुढच्या वर्षीची जागा धरतो. आता धीरानं करतो सगळं.”

“आज घे,” गुरू म्हणाले. “मागतील त्या भावानं घे.”

व्यापाऱ्याने मान वर केली. “आज? महाराज, आता कशासाठी?”

“ती अजून विचारते, असं तूच म्हणालास ना?”

व्यापारी उठला, त्याने गुरूंच्या पायांवर डोके ठेवले आणि तो खाली निघाला. या वेळी त्याला पोचवायला कुणी गेले नाही.

तो दिसेनासा झाल्यावर शिष्याने विचारले, “महाराज, पहिल्या वेळी तुम्ही आज घे म्हणालात ते मला उशिरा का होईना, कळलं. तिचे डोळे जात होते. प्रत्येक दिवस मोलाचा होता. पण आता? आता डोळे गेलेत. चार दिवस थांबला असता तर त्याचं काय बिघडणार होतं? चढ्या भावाची शिक्षा दिलीत का त्याला?”

गुरू म्हणाले, “शिक्षा देणारा मी कोण? अरे, तुम्ही दोघंही चूक एकाच जागी करता. पहिल्या वेळी मी घाई करायला सांगितली ती डोळ्यांसाठी, असं तू समजतोस. मी तिला विचारलं, जायचं आहे का. ती हो म्हणाली. एवढ्यासाठी सांगितली. डोळे शाबूत असते तरी मी तेच सांगितलं असतं. आता तो काय म्हणाला ते ऐकलंस का? घाई कसली राहिली, म्हणाला. म्हणजे ती आंधळी झाली म्हणून तिचं मागणं त्याच्या लेखी स्वस्त झालं. डोळस होती तेव्हा ते महाग होतं म्हणून थांबला, आता ते हलकं झालं म्हणून थांबणार. असा माणूस तिच्या सरणापर्यंत थांबत जातो आणि दर वेळी त्याच्याजवळ थांबायला चांगलं कारण असतं. उतरत्या भावाला थाळी वाजते, बाळ. उतरत्या माणसाला वाजत नाही. तिचे डोळे गेले, पण कान आहेत, अंगावर वारा घ्यायला अंग आहे, उद्या काय असेल मला ठाऊक नाही. आणि त्याला ठाऊक आहे, असं त्याला वाटतं.”

शिष्याने खाली पाहत विचारले, “त्या दिवशी पायवाटेवर मी जे बोललो, ते तुम्हाला माहीत होतं?”

“पायवाटेवरचं बोलणं वर ऐकू येतं.”

“मग मला अडवलं का नाहीत?”

वृद्ध गुरूंनी बाजूला ठेवलेले सुंभ उचलले, पण ते वळले नाही. “वाटलं, बायकोचा हात धरून उभा राहील तेव्हा त्याचं त्याला कळेल,” ते म्हणाले. “सांगून टाकण्यापेक्षा आपलं आपण कळलेलं बरं, असं आम्हा शिकवणाऱ्यांना वाटत असतं. मीही एक ठोका थांबलो.”

गुरूंना कधी चुकताना शिष्याने पाहिले नव्हते, आणि त्यांची चूक आपल्या चुकीतूनच निघाली होती, हे त्याला कळत होते.

इकडे व्यापारी धक्क्यावर पोचला. तांडेल त्याला ओळखत होता. “शेटजी, आज कशाला?” तो भाबडेपणाने म्हणाला. “थाळीला या ना. अर्धं गलबत रिकामं आहे. फुकटात गेल्यासारखं जाल.”

“आजचा भाव काय?” व्यापाऱ्याने विचारले.

तांडेलाने सांगितला. व्यापाऱ्याने कंबरेचा कसा सोडला आणि तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवले. घासाघीस केली नाही. जवळ उभा असलेला एक गूळवाला हे पाहून चाट पडला, आणि दुपारपर्यंत बाजारभर झाले की शेटजींची मती फिरली. शेटजींनी ते ऐकले. त्यांना वाईट वाटले, हेही खरे आहे. माणसाचा लौकिक एका दिवसात सुटत नाही.

ठरल्या दिवशी गलबत निघाले. व्यापाऱ्याने पत्नीला हाताला धरून फळीवरून वर नेले. तिने या वेळी बोचके बांधले नव्हते, त्यानेच बांधले होते, आणि ते वाटेत दोनदा सुटले. ती डोलकाठीजवळ बसली. बेटे गेली. दुपारी वारा फिरला आणि हवेतला मातीचा वास नाहीसा झाला. तिने मान वर केली.

“किनारा गेला?”

“गेला.”

“आता चारी बाजूंना पाणीच?”

“हो. पाणीच.”

ती हसली. इतक्या महिन्यांत ती हसल्याचे त्याला आठवत नव्हते. तिने हात चाचपडत त्याचा हात धरला. “कसं दिसतं, सांगा.”

व्यापाऱ्याने समुद्राकडे पाहिले. त्याचा जन्म या पाण्याच्या काठी गेला होता. गलबत लवकर आले की भाव पडतो, उशिरा आले की चढतो, वादळ झाले की दुप्पट होतो, हे सगळे त्याला या पाण्याविषयी माहीत होते. थाळीच्या सकाळी तो याच पाण्याकडे नजर लावून उभा होता. पण ते दिसते कसे, हे सांगायची वेळ आली तेव्हा त्याला एकच शब्द सुचला.

“निळं,” तो म्हणाला.

“निळं मला माहीत आहे,” ती म्हणाली. “अजून?”

त्याच्यापाशी काहीच नव्हते. तिच्यासाठी आणून ठेवावे असे एकही दृश्य त्याने कधी पाहून ठेवले नव्हते. ती त्याच्याकडे थोडी सरकली.

“सावकाश पाहा,” ती म्हणाली. “मला थांबायची सवय आहे.”

तेव्हा तो रडला. आजूबाजूच्या माणसांनी पाहिले, पण त्याला त्याची लाज वाटली नाही. मग त्याने उपरण्याने डोळे कोरडे केले आणि तो नीट पाहू लागला, कारण दोघांत मिळून आता तेवढेच डोळे उरले होते.